एकदा आवाज ऐकवा

बादलीत हात घातला आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. पाणी इतकं गार होतं की बोटांना चटका बसल्यासारखं झालं. पलीकडच्या खाटेवर रजई गुंडाळून बसलेल्या माणसानं चमकून मान वर केली. जरा वेळानं म्हणाला, "मराठी का?"

पन्नाशी ओलांडलेला माणूस. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, डोक्याला माकडटोपी.

"हो," मी म्हणालो. "नाशिकचा. निरंजन."

"मी बोबडे. सोलापूरकडचा. साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो." मग पाय खाली सोडून चपला शोधत म्हणाले, "ते पाणी नको घेऊ. खाली चुलीवर पातेलं असतं. आणतो मी."

मी नको नको म्हणेपर्यंत ते बादली घेऊन जिना उतरलेसुद्धा.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता. मी तेवीस वर्षांचा. कारखान्यातली उमेदवारी संपली होती, पुढच्या नोकरीचा पत्ता नव्हता आणि घरी बसून वडिलांचा चेहरा बघवत नव्हता. साठवलेल्या पैशात कुठेतरी लांब जायचं ठरवलं. नैनिताल निवडलं, कारण थंडीत तिथे कुणी जात नाही आणि सगळं अर्ध्या भावात मिळतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं निघालं. तल्लीतालच्या बसस्टँडच्या वर, चढावर एक जुनं लॉज होतं. तिथल्या सामायिक खोलीत चार खाटा. एक माझी, एक बोबडेकाकांची, एक रिकामी. चौथ्या खाटेवर निळी सॅक होती आणि सॅकच्या पट्ट्याला नाडीनं बांधलेले बूट.

"आणखी कुणी आहे का इथे?" गरम पाणी आल्यावर मी विचारलं.

"मुलाचं सामान आहे. कौस्तुभ. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे पुण्यात." काका खिडकीकडे तोंड करून बोलत होते. "मित्रांबरोबर आला होता फिरायला. पाय मोडला. हल्द्वानीला दवाखान्यात ठेवलाय."

"मग तुम्ही इकडे वर कसे?"

"तिथं राहायची सोय नाही," ते पटकन म्हणाले.

मला त्यात संशय घेण्यासारखं काही वाटलं नाही. परक्या गावात मुलगा आजारी, बाप एकटा. मी म्हणालो, एखाद्या दिवशी तुमच्याबरोबर येतो भेटायला. त्यावर ते खिडकीची काच पुसू लागले.

नैनिताल मी कॅलेंडरवर पाहिलं होतं. निळं पाणी, रंगीत शिडं. प्रत्यक्षात तळं शिशासारखं दिसत होतं. डोंगर धुक्यात अर्धे बुडालेले. माल रोडवरची बहुतेक हॉटेलं बंद, शेकोट्यांपाशी नेपाळी हमाल बसलेले. दुपारी तीनलाच ऊन डोंगराआड जायचं आणि मग गावावर एक करडी सावली पडायची, ती अंधार होईपर्यंत तशीच राहायची. पहिल्या दिवशी मी एकटाच हिंडलो. संध्याकाळी तळ्याच्या कठड्यापाशी काका उभे दिसले. मी हाक मारली, तर त्यांना ऐकूच गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "नावेत येतोस का? मी देतो भाडं. एकट्याला न्यायला तो नावाडी का-कू करतो."

मला कशाला नको असणार. आम्ही खाली उतरलो. दीवान सिंग नावाचा नावाडी होता, चाळिशीचा, गळ्यात मफलर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि मला म्हणाला, "आप साहब के बगल में बैठिए. बिलकुल पास."

कुठे जायचं ते त्यानं विचारलं नाही. पलीकडच्या काठाला झाडीखालून एक निर्मनुष्य वाट जाते, तिच्या रोखानं त्यानं नाव वल्हवली. त्या बाजूला ऊन येतच नव्हतं. काठापासून बरंच अलीकडे त्यानं वल्ही थांबवली. पाणी हिरवट काळं होतं आणि नावेच्या कडेला चापट्या मारत होतं. काका एका हातानं कड धरून खाली बघू लागले.

मी काहीबाही बोलत होतो. इथून हिमालय दिसतो म्हणे, पण धुकं आहे. उन्हाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. काका हूं हूं करत होते. बराच वेळ झाला तेव्हा मी विचारलं, "मासे दिसतात का हो काका?"

"नाही," ते म्हणाले. "काही दिसत नाही."

दीवान सिंगची नजर त्यांच्या हातावरून हलत नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

काठाला लागल्यावर काका तिथल्या देवळाकडे गेले. मी मागून निघणार, तेवढ्यात दीवान सिंगनं माझी बाही धरली.

"आप रिश्तेदार हैं इनके?"

"नहीं. लॉज में मिले."

"तो आपको मालूम नहीं." त्यानं नावेची दोरी खुंटीला बांधली. बांधून झाल्यावरही तो तिच्याशीच चाळा करत राहिला. "इनका लड़का इसी पानी में है, बाबू. नए साल के दिन. चार लड़के थे, फोटो खींचने को खड़े हो गए, नाव पलट गई. तीन निकल आए." पाणबुडे आले होते, त्यांनी खूप शोधलं आणि परत गेले, असं त्यानं सांगितलं. थंडीत पाणी वर येऊ देत नाही. "रोज़ आते हैं. पहले अकेले ले जाता था. एक दिन इतना झुक गए कि मैंने पीछे से कोट पकड़ा. तब से अकेले नहीं ले जाता."

मी देवळात गेलो नाही. माल रोडवरून दोनदा इकडून तिकडे चाललो. मासे दिसतात का, हे मी त्या माणसाला विचारलं होतं.

दुपारी लॉजवर आलो तेव्हा काका खाटेवर बसून संत्रं सोलत होते. अर्धं माझ्यापुढे केलं. मी ते घेतलं, पण खाता येईना.

"दीवाननं सांगितलं ना," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"तुला खोटं बोललो, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. आता सवय लागलीय." संत्र्याच्या साली ते एकावर एक रचत होते. "त्याच्या मित्राचा फोन ऑफिसात आला. गाळप जोरात होतं, काट्यावर ही रांग. मी घरी गेलो. ही शेंगा भाजत होती. मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, कौस्तुभचा पाय मोडलाय, मी जाऊन येतो. तिनं डबा बांधून दिला. वाटलं होतं, इथं येऊन बघू, सापडला की घेऊन जाऊ आणि मग सांगू. सापडला नाही. मग रोज फोनवर काहीतरी सांगायला लागतं."

"काय सांगता?"

"आज प्लास्टर घातलं. आज थोडा उठून बसला. डाळभात खाल्ला." ते थांबले. "इथून मला हलता येत नाही निरंजन. तो वर आला आणि आपलं कुणी नसलं तर? उन्हाळ्यात वर येईल म्हणतात. तोवर थांबायचं."

"आणि काकू?"

"तेच. काल म्हणाली, एकदा त्याचा आवाज ऐकवा. दवाखान्यातून उचलून आणा फोनपाशी, पण आवाज ऐकवा. नाहीतर मी निघते." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "तू आलास तेव्हा बादलीत हात घालून ओरडलास. मी दुसरीकडे बघत होतो. मला वाटलं…"

त्यांना काय विचारायचं आहे ते मला कळलं होतं.

"काका, नाही जमणार मला."

"दोन वाक्यं. लाइनीत खरखर असते."

"आई आहे ती. ओळखणार नाही का?"

"ओळखायचं नसलं तर माणूस नाही ओळखत," ते म्हणाले. "आणि ती इथं आली तर काय दाखवू तिला? पाणी?"

पुन्हा त्यांनी आग्रह केला नाही. साली गोळा करून कागदात बांधल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बाहेर ऊन गेलं. ते तसेच पडून होते, झोपले नव्हते, कारण रजईखाली पाय हलत होते. शेवटी मीच म्हणालो, "चला. किती वाजता करता फोन?"

बसस्टँडजवळ एसटीडीचं बूथ होतं. काचेची अरुंद केबिन, आत जेमतेम दोघं मावतील एवढी. काकांनी नंबर फिरवला. लागला तसा त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला, मोठा आणि खुशालीचा. "हां, मीच. अगं आणलंय त्याला आज. गाडी करून आणलं. हो, इथंच आहे, बाजूला. जास्त बोलायला लावू नको. थकतो." आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"आई," मी म्हणालो. "मी आहे. बरा आहे आता. पाय थोडा दुखतो, बाकी काही नाही."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. मग एका बाईचा आवाज आला, हळू आणि अगदी शांत.

"बाजूला उभे आहेत का ते?"

"हो आई."

"त्यांना बाहेर थांबायला सांग. म्हण, नीट ऐकू येत नाही."

मी रिसीव्हरवर हात ठेवला. "काका, जरा बाहेर थांबता? नीट ऐकू येत नाहीये."

ते लगेच बाहेर गेले. दार लावून काचेपाशीच उभे राहिले. त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली, ती त्यांनी बाहीनं पुसली आणि पुन्हा आत बघू लागले.

"गेले?" बाई म्हणाल्या. "आता सांग बाळ, तू कोण?"

मी काचेपलीकडच्या काकांकडे पाहिलं.

"घाबरू नकोस. मी रागावले नाही. पण गप्प राहू नको, ते बघत असतील. मधून मधून हसल्यासारखं कर."

"मी निरंजन," मी म्हणालो. "लॉजमध्ये त्यांच्याच खोलीत आहे. काकू, मला माफ करा, मी…"

"असू दे. किती वर्षांचा आहेस?"

"तेवीस."

"हं." मध्ये लाइनीची खरखर ऐकू येत राहिली. "मला ठाऊक आहे सगळं. ते निघाले त्याच आठवड्यात कळलं. त्याच्या मित्राची आई आली होती, माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. तिला वाटलं मला माहीत आहे."

"मग तुम्ही त्यांना…"

"कसं सांगू? माझा भाऊ गेला होता आणायला. त्याला काही बोलूही न देता बसस्टँडवरूनच माघारी लावलं. म्हणाले, इथं कुणी यायचं नाही. मग मी विचार केला, संध्याकाळी मला फोन करायचा असतो म्हणून तो माणूस दिवसभर तग धरतोय. काहीतरी रचून सांगायचं असतं. ते कामच मी काढून घेतलं, तर पाण्याच्या काठावर बसून दुसरं करायचं काय त्यांनी?"

काका काचेतून बघत होते. मी हसल्यासारखं केलं.

"जेवतात का रे?"

"थोडं थोडं."

"इथं दिवसभर बायका येऊन बसतात माझ्यापाशी. फोनची वेळ झाली की मी सगळ्यांना घरी पाठवते. मागून कुणाचा रडण्याचा आवाज जायला नको." त्या थांबल्या. "आवाज ऐकवा म्हटलं, ते मुद्दामच. वाटलं, आता तरी खरं बोलतील. आता तरी म्हणतील, सुमती, नाही गं तो राहिला. तर त्यांनी तुला उभा केला."

मला रडू येऊ लागलं. मी काकांकडे पाठ केली.

"निरंजन, माझं एक काम कर. त्यांना घरी घेऊन ये. मला सगळं कळलंय हे तूच सांग. फोनवरून माझ्यानं नाही व्हायचं. पण सांगशील तेव्हा पाण्यापासून लांब नेऊन सांग. आणि हात धरून ठेव त्यांचा."

"आणतो," मी म्हणालो.

"ठेव आता. ते वाट बघत असतील."

मी बाहेर आलो तर काकांनी माझा दंड पकडला. "काय म्हणाली? पटलं तिला? बराच वेळ बोलली."

"चला, चहा घेऊ," मी म्हणालो.

तळ्याच्या बाजूला टपऱ्या होत्या, पण मी त्यांना वर, बाजारातल्या बोळात नेलं. एका हॉटेलात आतल्या बाजूच्या भिंतीला लागून बसवलं. चहा आला. मी त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनी आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं, पण सोडवून घेतला नाही.

"काका, काकूंना माहीत आहे."

"काय?"

"सगळं. तुम्ही निघालात त्याच आठवड्यात कळलं त्यांना."

चहावर साय धरली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. बाजूच्या टेबलावरची दोन माणसं उठून गेली.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "असं कसं होईल? परवा मी तिला सांगितलं, त्यानं डाळभात खाल्ला. तर म्हणाली, मीठ बरोबर होतं का? तिकडचे लोक मीठ कमी घालतात. असं विचारलं तिनं."

मी त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

"मीठ बरोबर होतं का, विचारलं," ते पुन्हा म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेल्यासारखं झालं. त्यांना स्वतःच्या मुलाचं मरण पहिल्यांदा आत्ता कळत होतं, असं मला वाटलं. "म्हणजे मी फोन ठेवला की ती… तिथं एकटीच…"

"संध्याकाळी सगळ्यांना घरी पाठवतात त्या. तुम्हाला आवाज जाऊ नये म्हणून."

माकडटोपी काढून त्यांनी तोंडावर धरली. त्या गर्दीच्या हॉटेलात तो माणूस आवाज न करता किती तरी वेळ रडला. मी हात सोडला नाही. मालक एकदा जवळ आला, पाहिलं, आणि गार झालेले कप उचलून दुसरे दोन ठेवून गेला.

शेवटी ते म्हणाले, "तिच्यापाशी असायला पाहिजे होतं मी. इथं काय करत होतो?"

सकाळी आम्ही सामान बांधलं. निळी सॅक त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली, मला हात लावू दिला नाही. बसला वेळ होता म्हणून खाली गेलो. दीवान सिंग नावेतलं पाणी डब्यानं उपसत होता. काकांनी त्याला घरचा फोन नंबर दिला.

"मैं रोज़ इसी पानी पर हूँ," तो म्हणाला. "कुछ भी हुआ तो मैं खुद फ़ोन करूँगा. अकेला नहीं रहेगा वो. आप जाइए."

तसा फोन त्यानं केलाही, एप्रिल अखेरीस. तेव्हा काका आणि काकू दोघं मिळून गेले आणि जे करायचं ते तिथेच करून आले. मला नंतर कळलं.

बसमध्ये काका तळ्याच्या उलट्या बाजूला बसले. धुकं होतं, खिडकीतून फक्त रस्त्याची कड दिसत होती. दिल्लीपर्यंत ते चकार शब्द बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर बोलायला लागले ते थांबेचनात. कौस्तुभ सायकल शिकताना उसाच्या गाडीखाली जाता जाता वाचला होता. कौस्तुभला कारल्याची भाजी आवडते, असा मुलगा बघितलायस का कुठे? कौस्तुभचं अक्षर खराब आहे. झाशी गेलं, भोपाळ गेलं. आहे, म्हणतो, येतो, असंच चाललं होतं. भुसावळला गाडी उभी होती, प्लॅटफॉर्मवर केळीवाले ओरडत होते, तेव्हा ते म्हणाले, "उंच होता माझ्यापेक्षा." आणि ऐकून स्वतःच गप्प झाले. त्यानंतर 'होता'च म्हणत राहिले.

मनमाडला मी उतरायला हवं होतं. माझी सॅक खाली काढायला मी उठलो, तर त्यांनी पाय आखडून मला वाट दिली. मी पुन्हा बसलो. कुर्डुवाडीपर्यंत गेलो.

कारखान्याच्या रस्त्याला मळीचा वास सुटला होता. उसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग काट्यापर्यंत लागली होती. त्यातल्या दोघातिघांनी काकांना ओळखलं आणि गाडीवरून खाली उतरून ते नुसतेच उभे राहिले. वसाहतीतल्या रस्त्यानं आम्ही चालत निघालो. दोन्ही बाजूच्या घरांच्या दारांत बायका आल्या.

काका एका बैठ्या घराच्या फाटकापाशी थांबले. त्यांना कडी काढता येईना, म्हणून ती मी काढली. आवाज ऐकून दार उघडलं गेलं.

काकू बारीक होत्या. माझ्या मनात आवाजावरून एक थोराड बाई तयार झाली होती, तशा त्या अजिबात नव्हत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं. आणि मग आमच्या दोघांच्या मधून, उघड्या राहिलेल्या फाटकातून, मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या आधीपासून ठाऊक होतं. तरी त्यांनी तिकडे पाहिलं, आणि त्या रस्त्यावर कुणी नाही याची खात्री होईपर्यंत बघत राहिल्या.

मग त्या दारातून बाजूला झाल्या आणि आम्ही आत गेलो.